दारू, सुटलेली

जबाब देणार : शिवणकारखान्याच्या बसचा चालक, कामगारांत ‘मामा’ म्हणून परिचित, वय ४८ वर्षे, राहणार कारखान्यामागील वसाहत.

समक्ष ठाण्यात हजर राहून सांगतो की, मी कारखान्यातील महिला कामगारांची ने-आण करतो. काल सकाळच्या पाळीला बस भरलेली असताना पुलाच्या उतारावर ब्रेक लागेना. मी गिअर उतरवत गाडी कडेच्या वाळूच्या ढिगात घातली. कोणासही गंभीर इजा नाही. माझ्या कपाळाला टाके पडले आहेत.

व्यवस्थापकसाहेबांनी जागेवरच पोलिसांना सांगितले की, चालक नशेत होता. त्यांनी माझ्या जुन्या उपचाराचा एक कागद पुढे केला. त्यावर ‘अनेक मादक पदार्थांचे व्यसन’ अशी एकच ओळ व आजाराचा एकच कोड क्रमांक आहे. नोकरीला लागताना मी पूर्ण फाइल दिली होती. त्यांनी पहिलेच पान आणले.

पोलिसांनी मला तपासणीसाठी रुग्णालयात नेले. पत्नी तेथे आली. माझ्या शेजारी बसली.

तेथेच माझ्यावर पूर्वी उपचार केलेल्या डॉक्टरीणबाईंनी पोलिसांना खुलासा केला. त्या वेळी मला दाखल केले तेव्हा काय काय घेतले हे सांगण्याच्या स्थितीत मी नव्हतो, म्हणून सगळे एका कोडाखाली गेले. शुद्धीवर आल्यानंतर प्रत्येक व्यसनाची नोंद वेगळी केली व पुढे दर तपासणीला ती सुधारली. रुग्णालयात नोंदींना कोड क्रमांक देणाऱ्या बाईंनी ताजी नोंद छापून पत्नीच्या हाती दिली. तिने ती सर्वांसमोर वाचली. दारू, सुटलेली. झोपेच्या गोळ्या, सुटलेल्या. तंबाखू, चालू.

मग ती म्हणाली, “वरच्या दोन ओळी पुन्हा वाचते.”

तिने त्या पुन्हा वाचल्या.

माझ्या रक्तात नशेचे काही सापडले नाही. ब्रेक धरत नसल्याचे मी व्यवस्थापकसाहेबांना आधीच कळवले होते. मेकॅनिकनेही तसेच सांगितले आहे.

आज बसमधील सर्वजणी ठाण्याच्या आवारात आल्या. दुसऱ्या चालकाच्या गाडीत बसायला त्यांनी नकार दिल्याचे समजले. त्यांच्या मुकादमबाई अंमलदारसाहेबांना म्हणाल्या, “मामांनी उडी मारली असती तर ते एकटे वाचले असते. शेवटपर्यंत स्टिअरिंग सोडलं नाही त्यांनी. हे पण लिहा.” साहेबांनी लिहून घेतले.

मालकांनी व्यवस्थापकांना कामावरून दूर केले असून उद्यापासून मला दुसरी बस दिली आहे.

हा जबाब मला वाचून दाखवला. पत्नीने तो घेऊन स्वतःही वाचला. मी सांगितले तसाच उतरला आहे. खालील सही माझी असून ती एका दमात केली आहे.