मल्लप्पाचं शिफारसपत्र

शिवाजीनगरच्या थांब्यावर म्हातारे रघुपती पुस्तकात डोकं घालून बसले होते. ऐकू नये असं वाटत होतं, पण आजूबाजूच्या कानडी गलक्यात शेजारचे बहीणभाऊ त्यांच्याच मायबोलीत, मराठीत बोलत होते.

“टाकीची मोटर मीच चालू ठेवून गेलो होतो, अक्का.”

“अन् नोकरी गेली वॉचमन मल्लप्पाची!”

“मीटिंगमध्ये सगळे त्याच्यावरच तुटून पडले. माझं तोंडच उघडेना.”

“मग आता उघड. स्वल्प धीर कर, सुमंत.”

“त्याला शिफारसपत्र दिलं ना मी. ‘अत्यंत प्रामाणिक माणूस’ असं लिहून.”

“काय म्हणाला?”

“हात जोडले बिचाऱ्यानं. म्हणाला, या अपार्टमेंटात तुम्ही एकटेच देवमाणूस.”

“आणि तू?”

“म्हटलं, माणसानं माणसासाठी एवढं करायलाच हवं.”