तोंडातलं उत्तर

हसू नका रे, चहा सांडेल! आमच्या फैजपूरच्या सुधाकरचं लग्न एका इंग्रजी शब्दावर अडलं होतं. मुलगी धुळ्याची, तिचे वडील इंग्रजीचे मास्तर. पोहे झाले आणि मास्तर म्हणाले, "इंग्रजीत सहा अक्षरांचा एक शब्द सांगा, शेवटचं अक्षर 'ए'. नाही आला, तर राम राम."

सुधाकर सोबत गेलेल्या माझ्याकडे बघायला लागला. मुलगी त्याच्या मनात भरलेली. मी चौथी नापास, पण आमच्या ट्रकवर रंगवलेला एक शब्द पाठ होता. बी-ए-एन-ए-एन-ए, बनाना! बोटांवर मोजला, बरोब्बर सहा. आम्हीच नेलेली केळ्यांची फणी मी हळूच त्याच्यापुढे सरकवली. गड्यानं एक केळं सोलून खाल्लं! मी डोळे वटारले, तर घाबरून दुसरं तोंडात कोंबलं.

मास्तर उठलेच. "येत नाही ना? या मग."

सुधाकरच्या डोळ्यांत पाणी, तोंडात केळं, आवाज काही फुटेना. तेवढ्यात मुलगी पदराआडून म्हणाली, "आबा, उत्तर त्यास्ना तोंडमाच शे!"

साखरपुड्याला मास्तरांनी पंगतीत शिकरण वाढलं.