कॅसेटमधी नसलेलं कडवं

रॉकचे जुने अल्बम स्टेजवरचे चांगले का स्टुडिओतले, याच्यावर तुमी चहा थंड करून राह्यले. मी सांगतो. 'ओरिजनल' म्हटलं की माझं डोकं फिरते.

नागपूर जिल्ह्यात, बेल्याकडं आमचं गाव. दादा चौदा एप्रिलच्या जयंतीची गाणी बांधायचा, मी ढोलकीवर. एका गाण्यात मायचं कडवं होतं. विहिरीले हात लावायची मनाई, म्हणून ती घागर घेऊन उभी राहायची, कोणी वरून पाणी ओतावं म्हणून. नागपूरले कॅसेट भरली, तवा स्टुडिओवाल्यानं नेमकं तेच कडवं काढलं. म्हणे, "तुमच्या विहिरीचं बाकीच्यायले काय?"

कॅसेट गावोगाव वाजली. पुढच्या जयंतीले आमच्याच गावात दादा स्टेजवर, माय समोर. दादानं पूर्ण गाणं धरलं. मायचं कडवं आलं आन् लेझीमवाल्या पोरायचे पाय अडकले. त्यायचा सगळा सराव कॅसेटवर!

"दादा, तुमी चुकून राह्यले!" एक जण ओरडला. "कॅसेटमधी हे नाही!"

"अरे, गाणं माझं आहे."

जयंती कमिटीच्या अध्यक्षानं दादाच्या हातातला माइकच घेतला. "ओरिजनल लावा रे!"

कॅसेट लागली. भोंग्यातून दादाचाच आवाज, पोरं खुशीत नाचून राह्यले, आन् दादा खाली मायजवळ तोंड मिटून बसलेला.

मायनं त्याले हळूच विचारलं, "म्हणजे मी विहिरीवर उभी राहत होती, ते बी चूक का रे?"