ट्रॅक्टरची कुंची

...तर नांगर पलटी होईना, आणि सगळे माझ्याकडंच बघायला लागले, जसं काही मीच त्या लोखंडाला शपथ घातलीय! अहो, पलटी नांगर तो, बांधापाशी उलटा व्हायलाच पाहिजे. आणि हा आपला अर्धवट कलून उभा, कूस बदलता बदलता झोप लागलेल्या माणसासारखा. सोयाबीन निघालेलं, हरभरा पेरायचा, वाफसा दोन दिवसांचा... आज नांगरट झाली नाही तर परवा ढेकळं फोडायला पहार घ्यायची.

गेवराईहून मेकॅनिक आला, सिद्धाराम. ट्रॅक्टरच्या पाठीमागं दोन तोंडं असतात बघा, नांगराचे तेलाचे पाइप खुपसायची... त्यात त्यानं बोट घातलं, काढलं आणि माझ्यापुढं धरलं. पिवळं.

"सुंदरराव, ह्ये काय हाय?"

म्हटलं, हळद.

"हळद? कावून?"

आता काय सांगायचं? खंडेनवमीला आमच्या सुनेनं, तेजश्रीनं, ट्रॅक्टर पुजला. बोनेटला गंध, चाकांना गंध, मागं जाऊन बघते तर ही दोन उघडी तोंडं. मनोभावे हळदकुंकू भरलं, वर अक्षता. त्यावर मी न बघता पाइप खुपसले, झालं! "मामा, मला वाटलं तिथंबी लावत्यात." तिची काय चूक? तोंड उघडं होतं.

आणि उघडं तोंड आमच्या घरात कधी चालायचंच नाही, तुम्हाला सांगतो. आमची मंडळी, छबुबाई... म्हणजे होती तोवर... माठ असो, पिठाचा डबा असो, पलीकडच्या वाफ्यातनं हाक यायची, "तोंड झाकलं का?" ट्रॅक्टर नवा आला, त्याची प्लॅस्टिकची टोपणं मी आठ दिवसांत हरवली, तर हिनं ब्लाउजच्या खणाच्या दोन कुंच्या शिवल्या. अस्तर लावून, गळ्याला नाडी! उमापूरच्या बाजारात आमच्या गावचा बजरंग चारचौघांत विचारायचा, बारसं कधी हाय म्हणून. मी मान खाली घालायचो, ही नाडी आवळायची. पण नऊ वर्षं नांगर अडला नाही हो. पाइप काढला की हिचं सुरू... तोंड झाकलं का?

सिद्धारामनं सगळं डिझेलनं धुतलं, तेल बदललं, अक्षता एक-एक वेचून तळहातावर घेतल्या. मग म्हणाला, "टोपण न्हाई का याला?"

"हाय."

"कुठं हाय?"

"कपाटात."

अहो, ती गेल्यावर मीच काढल्या त्या. तिच्या हातची शिवण, तेलामातीत मळेल म्हणून! तेजश्रीनं धुतल्या, मी घडी घातली, वर डांबरगोळी ठेवली. म्हणजे बघा, धूळ आत जाऊ नये म्हणून शिवलेली वस्तू, धूळ लागू नये म्हणून आत! सिद्धाराम हसला नाही. एवढंच म्हणाला, "कुंची लेकराला घालत्यात सुंदरराव, कपाटाला न्हाई."

रान नांगरून झालं. दिवेलागणीला पाइप काढले, तोंडं पुसली, कुंच्या बांधल्या. पहिल्याच दिवशी तेलाचा डाग! तेजश्री म्हणाली धुते, म्हटलं राहू दे.

तर आता दर रविवारी मी अंगणात पाटावर बसून कुंच्या धुतो. बजरंग रस्त्यावरनं विचारतो, लंगोट कुणाचे? अख्ख्या संसारात एक रुमाल धुतला नव्हता मी! तिनं हे बघितलं असतं तर... कौतुक केलं असतं म्हणता? कशाचं काय... म्हणाली असती, त्या साबणाच्या डब्याचं तोंड झाकलं का?