सदूची बाविसावी पातळी

कुंभवलीचा सदू आठवतो का रे, रंगाच्या कारखान्यात ठेक्यावर होता तो? बोईसरला पहिलं सायबर कॅफे निघालं, तेव्हा आम्ही दोघं सुट्टीच्या दिवशी तिथं भुयाराचा गेम खेळायचो. राक्षस मारले की अनुभवाचे गुण मिळायचे. सदू बाविसाव्या पातळीवर पोचला आणि तिथंच अडकला. मी म्हटलं, "पहिल्यापासून सुरू कर."

"मंग मिळवलेला अनुभव?"

"तो शून्य होतो. आणि तेच राक्षस परत मारलेस की गुण निम्मेच मिळतात."

 सदू म्हणाला, "आमच्या कंपनीसारकंच हाय. कायम करायची वेळ आली की ब्रेक देऊन घरी बसवतात, न् परत घेतात ते नवीन माणूस म्हणून. नऊ वर्सं झाली, माज्या कार्डावर अजून अनुभव नाय."

 मी पहिल्यापासून सुरू करायचं बटण दाबलं. पडद्यावर इंग्रजीत प्रश्न आला, तो मी त्याला वाचून सांगितला, "आजवरचं सगळं पुसलं जाईल. चालेल का?"

सदू म्हणाला, "इथं निदान इचारतात तरी."