पाणथळीतली तोंडी परीक्षा

अगं, शेहेचाळीसाव्या वर्षी पुन्हा शिकायला गेलं की काय होतं, ते मला विचार. पर्यावरणशास्त्राच्या दोन वर्षांच्या असोसिएट डिग्रीला नाव घातलं आणि पहिल्याच सेमिस्टरला एक विषय राहिला. आता बेडकांच्या तोंडी परीक्षेतही नापास झाले तर सोडूनच द्यायचं, असं मी ठरवलं होतं.

परीक्षा इथे ऑस्ट्रेलियातच, डँडेनॉन्गजवळच्या एका पाणथळीत होती. आमची शिक्षिका ट्रेसी म्हणाली, "इथे राहणाऱ्या तीन बेडकांची नावं सांग."

दोन सांगितली. तिसऱ्याचं नाव डोक्यातून साफ गेलं. वर्गातली विशीतली मुलं माझ्याकडे बघत उभी.

मी म्हटलं, "नाव आठवत नाही, पण तो ओरडतो कसा, ते येतं."

"मग ओरड," ट्रेसी म्हणाली.

लाज सोडली आणि घशातून आवाज काढला, "टँग!" अगदी बँजोची तार छेडल्यासारखा. मुलं फिसकन हसली. तेवढ्यात लव्हाळ्यातून उत्तर आलं, "टँग!"

ट्रेसी कुजबुजली, "परत काढ." मी काढला, तर या वेळी दोघं बोलले!

"पास," ट्रेसी हसत म्हणाली. "त्याला बँजो फ्रॉग म्हणतात. नाव घरी जाऊन पाठ कर."

आता मी दुसऱ्या वर्षाला आहे. आणि खरं सांगू? इतकी वर्षं इथे राहतेय, पण माझा उच्चार पहिल्या फटक्यात समजलेला तो पहिलाच ऑस्ट्रेलियन!