उजव्या हाताची तीन बोटे

मी, वय ७८, निवृत्त मुख्याध्यापिका, विद्यार्थ्यांत 'करवत' या नावाने परिचित, राहणार जुन्या टेलिफोन कचेरीमागे, ठाण्यात बोलावल्यावरून समक्ष येऊन सांगते ती हकीकत अशी:

आज सकाळी चौकातल्या नव्या सिमेंटच्या पुतळ्यांपैकी बाईच्या पुतळ्याची उजव्या हाताची तीन बोटे मी हातोडीने तोडली. हातोडी माझी. शिडी पाववाल्याची, त्याला तसबीर टांगायची आहे असे खोटे सांगितले. त्याचा दोष नाही.

झेंडा घेतलेला पुरुष म्हणजे माझे भावजी. मागे तांब्या धरून उभी ती त्यांची बायको, माझी थोरली बहीण. खाली 'त्यांची सावली' असे कोरले आहे.

परक्यांचे राज्य असताना ताई टेलिफोन एक्सचेंजमध्ये होती. कॉन्व्हेंटमुळे साहेबाची भाषा उत्तम, म्हणून साहेबांचे फोन तीच जोडी. ते ऐके, आणि छापा पडण्याआधी निरोप पोचवी. मोठ्या सभेच्या दिवशी तिने छावणीचा एकही फोन जोडला नाही. फौज उशिरा आली. सभेची माणसे जिवंत घरी गेली. भावजी त्या महिन्यात त्यांच्या मावशीकडे काविळीने पडून होते. आजारी पडणे गुन्हा नाही. पण त्यासाठी हातात झेंडा देत नाहीत.

ताईला याच ठाण्यात आणले. आपण हल्ली सायकली ठेवता त्या खोलीत. निरोप कोणाला देत होती ते तिने सांगितले नाही. ती तीन बोटे तिथे मोडली. सोडताना कागदावर डाव्या अंगठ्याचा ठसा घेतला. तिला दोन भाषांत सही येत होती.

त्यानंतर तिची वेणी मी घालत असे. शेवटचीही मीच घातली.

शिल्पकाराला मी ताईच्या त्या हाताचा फोटो दाखवला होता. तो म्हणाला, "मावशी, लोकांना सुंदर हात बघायला आवडतो." मी म्हटले, "मग तुझ्या बायकोचा बसव."

फौजदारांचे म्हणणे, "आजी, माफीची एक ओळ द्या, नगरपालिका बोटे बसवून घेईल, विषय संपला. नाहीतर मला तुम्हाला आत टाकावे लागेल." माफी देत नाही. बोटे बसवू नयेत. बसवल्यास पुन्हा तोडीन. तेव्हा शिडी विकत घेईन.

हवालदाराने जबाब वाचून दाखवला. त्यातले 'मनाचा तोल जाऊन' हे शब्द माझे नव्हते, ते खोडून घेतले. उरलेले माझ्या सांगण्याप्रमाणे खरे आहे. खाली दोन्ही भाषांत सही करीत आहे.